खोडलेली ओळ आणि राहिलेली कमांड

ती. मामांना,

तुमच्या पावणेबावीसचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. नमस्कार कागदावर आहे, तेव्हा पाय मागे घेता येणार नाहीत, हा त्यातल्या त्यात दिलासा.

तब्येत कशी आहे? डावा गुडघा बसताना वाजतो की उठताना? कानातलं यंत्र अजून शिट्ट्या मारतं का? (मारत असेल तर ते कानात नीट बसलेलं नसतं, एवढंच. पण तुम्ही ते दुकानदाराच्या टेबलावर आपटायला निघाला होतात आणि मामीनं तुमच्या चपला लपवल्या होत्या.) रक्तदाबाची गोळी वेळेवर घेता की आठवण झाली की घेता? खरं तर हे सगळं मला माहीत असायला हवं. एकवीस महिने होत आले, मला तुमच्या गुडघ्याचीसुद्धा खबर नाही. इकडे मी ठीक आहे. पत्रात तसं लिहितात म्हणून लिहिलं. खरं सांगायचं तर गेले नऊ दिवस अन्न गोड लागत नाही, आणि कार्यालयात मी कारण काढून सर्व्हरच्या खोलीत जाऊन बसतो, कारण तिथे पंख्यांचा आवाज एवढा असतो की माणूस रडला तरी बाहेर कळत नाही.

तुम्ही म्हणाल, मेलच्या जमान्यात हा कागद कशाला? फोन करावा तर तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, तीनदा ‘कोण? कोण?’ करून तुम्ही ‘नंबर चुकला’ म्हणता आणि ठेवून देता. घरात फोन हे खातं मामीचं होतं आणि मेल हे तुमचं. आणि मेलवर तोंड दाखवायला मला जागा राहिलेली नाही. ती का राहिली नाही, हे सांगायलाच पत्र लिहितोय. जरा लांबेल. तुम्ही वजनमापे निरीक्षक होतात, तुम्ही असे कबुलीजबाब पुष्कळ ऐकलेत. दुकानदार आधी हवापाण्याचं बोलतो, मग मुलांच्या शिक्षणाचं, आणि सगळ्यात शेवटी पारड्याखाली चिकटवलेल्या मेणाचं. मीही त्याच वाटेनं येणार आहे, धीर धरा.

पावणेबावीस हे नाव तुम्हीच ठेवलंत. आई गेल्यावर मी आठ वर्षांचा, एक पिशवी घेऊन तुमच्या दारात उभा राहिलो, तेव्हा तुम्ही नाव-गाव न विचारता मला तपासणीच्या काट्यावर उभं केलंत आणि मामीला ओरडून सांगितलंत, ‘पावणेबावीस किलो! पिशवीसकट!’ मामी म्हणाली, ‘आधी त्याला खायला द्या, मग मोजा.’ पुढे दहा वर्षं तिनं खायला दिलं आणि तुम्ही मोजलंत. मला वाटायचं, सगळ्याच घरांत असं असतं.

माझं काम तुम्हाला कधी नीट कळलं नाही. त्यात तुमचा दोष नाही, आमच्या सरव्यवस्थापक बाईंनाही ते कळलेलं नाही. आमचा चष्म्याच्या भिंगांचा कारखाना. कार्यालयात माणसं सेहेचाळीस, आणि त्यांचे मेल ज्या सर्व्हरवरून येतात-जातात तो सांभाळणारा मी एकटा. तो ठेवलाय फोटोकॉपीच्या यंत्रामागच्या खोलीत. तिथे पूर्वी नापास झालेली भिंगं ठेवायचे. कपाटात अजून त्यांची खोकी आहेत. खोली इतकी गार की मी बारा महिने स्वेटर घालतो. (तोच, मामीनं विणलेला, एक बाही दुसरीपेक्षा दोन बोटं लांब. तुम्ही पट्टी लावून ते सिद्ध केलं होतंत आणि त्या दिवशी तुम्हाला तुमचं पान तुम्हीच वाढून घ्यावं लागलं होतं.)

तुम्ही निवृत्त झाल्यावर तुम्हाला संगणक मीच आणून दिला आणि मेल करायलाही मीच शिकवलं, तेव्हा तक्रार करायला मला तोंड नाही. रोज सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी तुमचा मेल यायचा. एक गुलाब किंवा सूर्योदय, एक सुविचार, आणि खाली तुमची स्वतःची एक ओळ. ‘आजचा पाव अठरा ग्रॅम हलका.’ ‘आपल्या जिन्याची चौथी पायरी बाकीच्यांपेक्षा अर्धा इंच उंच आहे, इतक्या वर्षांत आज लक्षात आलं.’ फोटो एकेक नऊ-नऊ एमबीचा. ज्या माणसानं जन्मभर दुसऱ्यांची वजनं तपासली, त्यानं आपल्या गुलाबाचं वजन एकदाही करू नये, याचं मला फार हसू यायचं. मी खालची ओळ वाचायचो आणि कामाला लागायचो. उत्तर आठवड्यातून एखादं द्यायचो. तुमची त्यावर काही कुरकुर नव्हती.

मग ती नोटीस आली. ‘शनिवारी सर्व्हर दुरुस्तीसाठी बंद राहील’ एवढं एक वाक्य मी सगळ्या कार्यालयाला पाठवलं. पत्ते भरताना ‘मा’ टाइप केल्यावर यंत्रानं ‘मार्केटिंग’च्या आधी ‘मामा’ सुचवले आणि घाईत मी दोन्ही घेतले. तुम्ही तत्काळ उत्तर दिलंत, आणि ते एकट्या मला नाही, सगळ्यांना: ‘छान. शनिवारी विश्रांती घे. पोट साफ होतंय का? नसेल तर झोपताना कोमट पाणी.’ पुढचा आठवडाभर कॅशियरपासून दरवानापर्यंत प्रत्येकानं माझ्या पोटाची चौकशी केली. तेही मी गिळलं. पण सेहेचाळीस पत्ते तुमच्या हाती लागले होते आणि तुमचा हात पहिल्यापासून सढळ. दुसऱ्या दिवसापासून सकाळी सात-दहाला गुलाब सगळ्या कार्यालयाला जायला लागला. काहींना तो आवडलाही. खरेदी विभागातल्या बाई तर पावाच्या वजनाची वाट बघायच्या. आठव्या दिवशी सरव्यवस्थापक बाईंची मेलपेटी तुडुंब भरली, आणि तीन महिने वाट पाहिलेल्या एका मोठ्या ऑर्डरचा मेल ‘जागा नाही’ म्हणून आल्या पावली परत गेला. बाईंनी मला बोलावलं. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी नुसता स्क्रीन माझ्याकडे वळवला. वर गुलाब, खाली गुलाब, त्याखाली सूर्योदय. ‘हे कोण?’ त्यांनी विचारलं. मी म्हणालो, ‘माहीत नाही, बघतो.’

मामा, खरी चूक इथे झाली. कमांड वगैरे सगळं नंतरचं. तुमच्या घरचं दहा वर्षं खाऊन पावणेबावीसचा साठ किलो झालेला माणूस उभ्या उभ्या ‘माहीत नाही’ म्हणाला.

सर्व्हरला असं सांगून ठेवता येतं की अमुक पत्त्यावरून आलेलं काही आत घ्यायचं नाही. त्यासाठी एक साधी फाइल असते. डावीकडे पत्ता, उजवीकडे ‘नाकारा’, आणि त्यापुढे, वाटलं तर, पाठवणाऱ्याला दाखवायचं वाक्य. अशी फाइल आम्हाला कधी लागली नव्हती (फालतू मेल अडवायला वेगळा बंदोबस्त आहे), ती मी त्या दिवशी खास तुमच्यासाठी नवी केली. एका ओळीची. वाक्य लिहायची काही सक्ती नव्हती, नुसतं ‘नाकारा’ चाललं असतं. पण मला राग आला होता आणि लाज वाटत होती, आणि लाज वाटली की मला नको ते सुचतं. मी लिहिलं, ‘पुरे झालं आता. पुन्हा पाठवू नका.’ त्या जागी देवनागरी चालत नाही म्हणून रोमन अक्षरांत लिहिलं. म्हणजे तुम्ही ते एकेक अक्षर लावत वाचलं असणार.

आता थोडं तांत्रिक, पण तुम्हाला समजेल. सर्व्हर ती फाइल वाचतच नाही. फाइल असते माणसासाठी. तिच्यावरून ‘पोस्टमॅप’ नावाची कमांड चालवून डेटाबेस तयार करायचा, आणि सर्व्हर बघतो तो फक्त डेटाबेस. तुम्ही फाइलमध्ये ओळ घाला, खोडा, तिच्यावर डोकं आपटा. कमांड चालवेपर्यंत सर्व्हरच्या लेखी काही घडलेलंच नसतं. तुमच्या भाषेत सांगायचं तर तराजू दुरुस्त केला, पण शिक्का मारून घेतला नाही. तसा तराजू वापरणाऱ्याला तुम्ही दंड करायचात. आणि हे मला माहीत नव्हतं अशातला भाग नाही. माझ्या टेबलासमोरच्या भिंतीवर माझ्याच अक्षरात कागद लावलाय: ‘फाइल बदलली की पोस्टमॅप चालवा.’ खाली दोन रेघा. मी रजेवर असताना माझ्या जागी बसणाऱ्यासाठी लावलेला तो. मी स्वतः तो कशाला वाचू? शहाण्याला शब्दांचा मार लागतो म्हणतात, मी शब्द स्वतःच्या हातानं भिंतीवर चिकटवून त्यांच्याखाली बसलो होतो.

रागाच्या दिवशी मी फाइलही लिहिली आणि कमांडही चालवली. राग आला की मी कामात फार चोख असतो. चार दिवसांनी, शुक्रवारी, अकराच्या सुमाराला राग उतरला. चार सकाळी पेटी रिकामी होती, पाव किती ग्रॅमचा निघाला ते कळेना, आणि मला चुकल्या-चुकल्यासारखं व्हायला लागलं. मी फाइल उघडली, तुमची ओळ खोडली, सेव्ह केली, आणि कमांड टाइप करायला बोटं उचलली तेवढ्यात मामीचा फोन आला. ती कापडाच्या दुकानात उभी होती. पडद्यांना निळं घ्यावं की करडं, ठरत नव्हतं. वीस मिनिटं आम्ही बोललो. मधे दुकानदार काय म्हणतोय तेही ती मला सांगत होती. शेवटी करडं ठरलं. ‘यांना विचारलं असतं तर हे कापड मोजत बसले असते,’ ती म्हणाली. मी म्हटलं, ‘मामी, मामांना एक सांग. फोटो सगळ्या कार्यालयाला नको, मला एकट्यालाच पाठवा म्हणावं.’ ती ‘सांगते’ म्हणाली. मी हसत फोन ठेवला आणि आपण सगळं निस्तरलं अशा समाधानात जेवायला गेलो. हे वाचून तुम्ही चुकूनही मामीला बोल लावू नका. मी लावलेला नाही. तिचा तसला एक फोन आता आला तर मी सर्व्हर बंद पडला तरी तो आधी घेईन.

त्यानंतर तुमचे मेल आलेच नाहीत. मला वाटलं, निरोप जरा लागला, रुसलेत. मामी फोनवर म्हणायची, ‘सकाळी संगणकापुढे बसतात, थोड्या वेळानं उठतात. बोलत काही नाहीत. तू काही म्हणालास का रे?’ मी म्हणायचो, ‘मी? मी कशाला काही म्हणू?’ आणि हे मी अगदी खऱ्या मनानं म्हणायचो. दोन महिन्यांनी मीच तुम्हाला दोन ओळी लिहिल्या: ‘मामा, कसे आहात? पावाचं काय?’ त्याचंही उत्तर नाही. मग मी म्हटलं, बघू कोण आधी बोलतं. आपल्या दोघांचा हट्ट तुम्ही काट्यावर घातला असतात तर काटा मधेच उभा राहिला असता.

आणि मग मामी गेली.

मला ते कळलं पंधरा दिवसांनी. तुमच्या खालच्या मजल्यावरच्या त्या निवृत्त चित्रकला शिक्षिका बाईंचा फोन आला. अर्धांगाचा झटका आला, पाच दिवस रुग्णालयात होत्या, वाचा गेली होती, असं त्यांनी सांगितलं. ‘भाच्याला कळवलं का, असं मी त्यांना रोज विचारायची आणि ते रोज कळवलं म्हणायचे. तुम्ही आलाच नाहीत, म्हणून शेवटी मामींच्या वहीतून तुमचा नंबर काढला.’ मामा, मला मामीचं दुःख व्हायच्या आधी तुमचा राग आला. हे लिहायला हात वळत नाही, पण झालं ते असं. फोटो एकट्याला पाठवा म्हटल्याचा एवढा सूड?

मी आलो ते तुम्हाला आठवत असेल. खिडकीला करडे पडदे होते. तुम्ही दार उघडलंत, ‘आलास? बस’ म्हणालात, आणि माझ्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवलात. मामीची विणकामाची टोपली तिच्या खुर्चीवर तशीच होती, सुया खोवलेली. चाळीस मिनिटं आपण बसून होतो. तुम्ही एकदा उठून नळ घट्ट बंद करून आलात. मग मी मोठ्यानं विचारलं, ‘मला कळवलं का नाहीत?’ तुम्ही म्हणालात, ‘कळवलं होतं.’ मला वाटलं, म्हातारा तोंडावर खोटं बोलतोय. मी उठलो, दारात दोन शब्द बोललो आणि निघालो. त्यानंतर आज हे पत्र.

आता मेणाकडे येतो. या महिन्यात कारखान्यानं सर्व्हरसाठी नवं यंत्र घेतलं. त्यावर डेटाबेसचा जुना साचा चालत नाही, म्हणून सगळे डेटाबेस फाइलींवरून नव्यानं बनवायचे होते. मी सावध माणूस (हसू नका). बनवण्याआधी जुन्या प्रत्येक डेटाबेसमध्ये नेमकं काय आहे ते पोस्टमॅपकडूनच छापून घेतलं आणि फाइलींशी ओळीला ओळ लावून पाहिलं. बाकी सगळं जुळलं. एका ठिकाणी फरक निघाला. फाइल रिकामी, आणि डेटाबेसमध्ये एक ओळ. डावीकडे तुमचा पत्ता, उजवीकडे माझं वाक्य. मी आधी चष्मा पुसला. मग पोस्टमॅपलाच विचारलं, या पत्त्याचं काय करायचं? त्यानं तत्परतेनं तेच वाक्य पुन्हा दाखवलं. दोन वर्षं चार महिने सर्व्हर हेच करत होता, मी सांगितलं तसं, एकदाही न चुकता.

आणि बिचाऱ्यानं मला सांगितलंही होतं. डेटाबेस मूळ फाइलपेक्षा जुना असला की तो लॉगमध्ये, म्हणजे आपल्या रोजच्या नोंदीत, तसा इशारा लिहितो. एकदा नाही, दिवसातून कित्येकदा. मला रोज सकाळी त्या नोंदींचा सारांश येतो. तेच तेच वाक्य बघून मला कंटाळा आला, कुठली तरी जुनी चाचणीची फाइल असेल म्हटलं, आणि ते वाक्य सारांशात येऊच नये अशी सोय केली. रोज तेच सांगणाऱ्याचं तोंड बंद करायची मला खोडच आहे असं दिसतं.

आमच्याकडे लॉग पाच वर्षं जपायचा नियम आहे. मी तुमचा पत्ता शोधला. त्या शुक्रवारनंतरच्या ऐंशी ओळी निघाल्या. प्रत्येकीत तारीख, वेळ, तुमचा पत्ता, माझा पत्ता, आणि शेवटी माझं वाक्य. ऐंशी वेळा. दारातूनच परतवलेल्या मेलमध्ये काय होतं ते लॉगमध्ये येत नाही, एक अक्षरसुद्धा नाही. मामीनं निरोप दिला होता आणि तुम्ही तो पाळलाही होतात. त्या ओळींत माझ्याशिवाय दुसऱ्या कोणाचा पत्ता नाही. पहिले तीन आठवडे रोज सात-दहा. मग आठवड्यातून एक. मी ‘कसे आहात’ लिहिलं ते नऊ वाजून सहा मिनिटांनी, आणि तुमचं उत्तर आलं नऊ-चौदाला. आठ मिनिटं. तुम्ही एका बोटानं टाइप करता, म्हणजे वाचल्या वाचल्या खुर्ची ओढून बसला असणार. आणि ज्यानं ‘कसे आहात’ विचारलं त्यानंच लगेच ‘पुरे झालं आता’ म्हणून सांगितलं.

मामीच्या त्या पाच दिवसांत अकरा मेल आहेत. पहिल्या दिवशी सकाळी सहा-वीस, सहा-बत्तीस, सहा-एकेचाळीस, आणि संध्याकाळी आणखी एक. मग तीन दिवस रोज दोन. तुमचा संगणक घरी टेबलावर, रुग्णालय दोन बस बदलून. म्हणजे तिला सोडून तुम्ही एवढ्यासाठी घरी येत होतात. शेवटच्या दिवशी एकच, दुपारी तीन-पाचला. मामी गेली ती पावणेदोनला, असं खालच्या मजल्यावरच्या बाईंनी मला सांगितलं होतं. मी येऊन गेलो त्याच्या दुसऱ्या दिवशी एक आहे. आणि तेव्हापासून दर महिन्याच्या त्याच तारखेला एक. शेवटचा गेल्या महिन्यातला.

तुम्ही खोटं बोलत नव्हतात. अकरा वेळा कळवलं होतंत. बाई म्हणाल्या, मामीला बोलता येत नव्हतं पण माणसं ओळखू येत होती आणि ती सारखी दाराकडे बघायची. मी त्या पाच दिवसांत काय करत होतो ते मी शोधून काढलं. फोटोकॉपीच्या शाईवरून खरेदी विभागाशी भांडत होतो. मला तिच्यापाशी बसायचं होतं, मामा. आता ते कशानंही होणार नाही, आणि याला माझ्याशिवाय कोणी जबाबदार नाही.

सोमवारी सरव्यवस्थापक बाईंकडे जाऊन सांगितलं, ते गुलाब माझ्या मामांचे होते. त्या म्हणाल्या, ‘मग तेव्हाच का नाही सांगितलंत? मी त्यांना लहान फोटो पाठवा म्हटलं असतं.’

शिव्या द्यायच्या असतील तर द्या. मला त्या लागतील, आणि लागायलाच हव्यात. गुडघ्याला जपा.

तुमचाच,
पावणेबावीस (हल्ली चौऱ्याहत्तर, तेही नऊ दिवसांपूर्वी)

ता. क. – कमांड चालवली. मग पुन्हा चालवली. मग तुमचा पत्ता विचारून पाहिला, तर काहीच उत्तर आलं नाही. आमच्या कामात असं गप्प बसणं म्हणजे सगळं ठीक असतं. तुम्ही मात्र गप्प बसू नका.

आणखी एक ता. क. – एवढं लांबण ज्यासाठी लावलं ती गोष्ट अशी. तुम्ही पाठवलेलं सगळं तुमच्या संगणकात ‘सेंट’ नावाच्या कप्प्यात असतं. परत आलं तरी असतं. ते ऐंशीच्या ऐंशी मला पुन्हा पाठवाल का? मागे संगणक हळू चालायला लागला तेव्हा तो कप्पा अधूनमधून रिकामा करत जा, असं मीच तुम्हाला बजावलं होतं. माझं बाकी काही ऐकलं नसेल तसं तेही ऐकलं नसेल, अशी आशा आहे.

शेवटचा ता. क. – वर मी ‘दारात दोन शब्द बोललो’ असं लिहिलंय. पाकीट चिकटवायला घेतलं, पण ते तसंच जाऊ द्यायला मन होईना. मी म्हणालो होतो, ‘मामी असती तर तिनं तरी कळवलं असतं.’ या वाक्याला ना अर्थ आहे ना लाज. तुम्हाला ते ऐकू गेलं नसेल असं मी एकवीस महिने स्वतःला सांगत आलो. पण त्या दिवशी कानातलं यंत्र शिट्टी मारत नव्हतं, म्हणजे ते नीट बसलेलं होतं.

आणि ते पुन्हा पाठवायचं खोडा. मला ते इथे, नापास भिंगांच्या खोक्यांत बसून वाचायचे नाहीत. मी रविवारी सकाळी येतोय. ‘बस’ म्हणालात तर बसेन, नाही म्हणालात तर जिन्यात बसेन. तुम्ही संगणकापुढे बसा आणि पहिल्यापासून मला वाचून दाखवा, मी मधे एक शब्द बोलणार नाही. सहा-वीसच्या मेलपाशी तुम्हाला वाचवेनासं झालं की खुर्ची मला द्या. तिथून पुढे मी वाचीन, तुम्हाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.